नागोजी दाजींच्या घोट्यासाठी वकील

अपघात कुणाच्या हातात नसतो, पण अपघातानंतरचा वकील माणसाला स्वतः निवडावा लागतो, आणि अपघातापेक्षा जास्त माणसं या निवडीत जायबंदी होतात. (हा माझा अंदाज आहे. सरकार अशी आकडेवारी ठेवत नाही. ती ठेवणाऱ्या खात्याला माझ्यासारखा प्रमुख लागला असता, आणि मी निवृत्त झालो.)

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर चौतीस वर्षं काढली. त्या काळात माझ्या हद्दीत एकही माणूस अर्ज अपुरा ठेवून मेलेला नाही. त्यामुळे माझी धाकटी बहीण दुर्गाबाई हिचे यजमान, येळ्ळूरचे नागोजी हुंदरे, यांना टेम्पोनं धडक दिल्याचं कळलं तेव्हा मी आधी दुकानातून एक जाड फाईल घेतली आणि मग दवाखान्यात गेलो. नातेवाईक रडत होते. रडण्यानं कागद जमत नाहीत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं.

नागोजी, म्हणजे आमचे दाजी, व्यवसायानं टेलर. वय चौपन्न. वडगावात एका गाळ्यात त्यांचं दुकान आणि दुकानात पायानं चालवायचं एक मशीन. शर्ट, लेंगा, शाळेचे गणवेश. माणूस सालस आणि देवभोळा, आणि यातल्या दुसऱ्या गुणामुळेच अपघात झाला.

त्याची हकीकत अशी. तीन जूनला सकाळी दहाच्या सुमारास दाजी सायकलवरून दुकानाकडे निघाले होते. येळ्ळूर रोडवर एका मंगल कार्यालयासमोर खानापूर तालुक्यातला रवळू घाडी आपला टेम्पो माघारी घेत होता. टेम्पोत लग्नाच्या खुर्च्या होत्या. हल्ली गाडी माघारी घेताना मागच्या लोकांना सावध करायला एक धून वाजते. रवळूनं ती आरतीची बसवून घेतली होती. दाजींनी आरती ऐकली, सायकल स्टँडवर लावली, चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. टेम्पो येत राहिला. आवाज मोठा होत गेला तसा देव जवळ येत असल्याचा आपल्याला भास झाला, असं दाजींनी नंतर जबाब देताना सांगितलं. ते वाक्य जबाबात आलेलं नाही.

उजव्या घोट्याची दोन हाडं मोडली. रवळूनं खाली उडी मारली, कपाळावर हात मारून घेतला आणि दाजींना उचललं. केबिनमध्ये पाय सरळ राहीना. म्हणून त्यानं मागच्या हौद्यात नवरदेवाची खुर्ची मोकळी केली (लाल मखमल, सोनेरी हात, पाठीला दोन मोर), तिच्यावर दाजींना बसवलं, समोरच्या खुर्चीवर पाय ठेवला आणि दोरीनं बांधलं. दाजी अशा थाटात दवाखान्याच्या फाटकातून आत गेले. पहारेकऱ्यानं नवरी कुठं आहे म्हणून विचारलं, एवढं सोडलं तर दाखल होण्याची प्रक्रिया सुरळीत पार पडली.

घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. तीन महिने पाय टेकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"आणि मशीन?" दाजींनी विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

या 'बघू'नं दाजींना ऑपरेशनपेक्षा जास्त दुखलं. घरी आणल्यावर एका दुपारी ते घरातल्या जुन्या मशीनसमोर बसलेले मला दिसले. डाव्या पायानं चालवून बघत होते. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. त्यांनी तो परत ओवला, परत तुटला. मग त्यांनी मशीनवर कापड झाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णा, तीस वर्सं ह्यो पाय हाय म्हनून कधी ध्यानातच आलं न्हवतं."

मी ते फाईलमध्ये लिहून घेतलं. पण कुठल्या रकान्यात घालावं ते कळेना.

रवळू रोज येई. पहिले तीन दिवस दुर्गाबाई त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं त्याला चहा दिला. सहाव्या दिवशी तो स्वयंपाकघरात नारळ खवत बसला होता. वडील नसलेला, तिशीतला, लाजाळू माणूस. दाजींना ड्रेसिंगला न्यायचं, दूध आणायचं, दुकान झाडायचं, सगळं तोच करी. कोर्टाचा विषयही त्यानंच काढला.

"आप्पा, माझ्या टेम्पोचा इमा हाय. पैसं कंपनी देतीया," तो दाजींना म्हणाला. "माझ्यावर केस घाला. लाजू नगासा."

"तुझ्यावर कशी घालू रं? काल तू मला अंगूळ घातलीस."

"म्हनून काय झालं? घालायचीच. मी येतो की संगं."

अशा रीतीनं जखमी आणि जखमी करणारा यांच्यात पूर्ण एकमत झालं. आता उरला वकील. इथं माझ्याकडे बघण्यात आलं.

बेळगावात दर दोनशे माणसांमागे एक वकील आहे, आणि दर वकिलामागे तो वाईट असल्याचं सांगणारी दोनशे माणसं आहेत (हाही माझाच अंदाज). अशा परिस्थितीत पहिल्या दिसलेल्या पाटीखाली शिरणं हा अडाणीपणा झाला. मी त्याच संध्याकाळी वकील निवड समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य दुर्गाबाई. रवळूकडे वाहतूक. दाजींना मी 'विषय' म्हणून समाविष्ट केलं. विषयाला मत नसतं, हे त्यांनी समजूतदारपणे मान्य केलं.

निवडीसाठी शंभर गुणांचा तक्ता केला. अनुभवाला वीस. आवाजाला पंधरा, कारण कोर्टात पंखे फार वाजतात. पुस्तकांच्या कपाटाच्या लांबीला पंधरा. चहाला दहा. पक्षकाराला किती वेळ ताटकळत ठेवतो याला वीस, कारण चांगल्या वकिलाला वेळ नसतो, आणि ज्याला वेळ आहे त्याच्याकडे कुणी जात नाही. पक्षकारावर रागावतो का याला दहा. उरलेले दहा अध्यक्षांच्या मर्जीवर. विषय समजून घेण्याला मी गुण ठेवले नव्हते. आजवर ज्या कचेऱ्यांत मी गेलो तिथं तो प्रसंग आलेला नव्हता.

पोलिसांचा कागद कन्नडमध्ये होता. मी चौतीस वर्षं कन्नडमध्ये सही केलेली असल्यानं तो माझ्यापुढे ठेवण्यात आला. मी तपासून सही बरोबर असल्याचा निर्वाळा दिला.

सगळ्यांत आधी आम्ही शहरातल्या ॲडव्होकेट शरच्चंद्र हुद्दारांकडे गेलो. दुसरं सोयीचं वाहन नसल्यानं दाजी त्याच टेम्पोत, त्याच मखमली खुर्चीवर. मी आणि दुर्गाबाई हौद्यात साध्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पावसाची भुरभुर होती म्हणून रवळूनं वर मंडपाचं झालरीचं कापड ताणलं होतं. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी आम्हाला हात जोडले.

हुद्दारांनी तीन तास चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. वीसपैकी वीस. दाजींच्या गळ्यात मापाची टेप सवयीनं होतीच. त्या टेपनं रवळूनं कपाटं मोजली. अठरा फूट चार इंच, कोपरा सोडून.

आत गेल्यावर हुद्दारांनी कागद पाहिले, दाजींचा पाय पाहिला आणि मग दाजींच्या चपला हातात घेऊन उभ्या असलेल्या रवळूकडे पाहिलं.

"हे गृहस्थ कोण?"

"म्याच ठोकलं त्यास्नी," रवळू म्हणाला.

हुद्दारांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. रवळू होता तिथंच होता. "आपण जाबदार क्रमांक एक आहात," ते म्हणाले. "जाबदारानं अर्जदाराच्या पादुका धरून उभं राहणं प्रघाताला धरून नाही."

रवळूचा चेहरा उजळला. शाळा सोडल्यानंतर कुणी त्याला कशातच क्रमांक एक म्हटलं नव्हतं, आणि शाळेतही म्हटलं नव्हतं.

"शिलाई मशीनला मोटर आहे?" हुद्दारांनी विचारलं.

"न्हाय."

"उत्तम. बसवू नका."

दुर्गाबाई म्हणाली, "मोटर बशीवली तर त्यास्नी काम सुरू करता येईल की."

"म्हणूनच म्हणतो," हुद्दार म्हणाले.

मग आरतीचा मुद्दा निघाला. रस्त्यात डोळे मिटून उभं राहणं हा अर्जदाराचा हलगर्जीपणा ठरेल, तेव्हा डोळे उघडे होते असं सांगावं लागेल, असं ते म्हणाले. दाजी कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले.

"डोळं मिटलंवतं सायेब. आरतीला उघडं कसं ठिवू?"

हुद्दार रागावले, पण हलक्या आवाजात. त्यांच्या वाक्यांचे फक्त शेवट ऐकू येत. एकूण गुण अठ्ठ्याऐंशी.

दुसरं नाव दुर्गाबाईनं आणलं. दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिनं पाटी वाचली होती. ॲडव्होकेट निवेदिता गुंजीकर. पाटी वाचून वकील शोधणं माझ्या पद्धतीत बसत नव्हतं. पण सदस्यांना एखादी सूचना करू देण्यानं समिती लोकशाही दिसते, म्हणून गेलो.

तिथं बसावंच लागलं नाही. दाजींना जिना चढायचा आहे हे कळताच बाई स्वतः खाली आल्या आणि टेम्पोतच, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी कागद पाहिले. रवळू कोण हेही विचारलं. त्यानं सांगितलं.

"बरं झालं तुम्ही आलात. तुमचा परवाना आणि विम्याचा कागद पाहिजे," त्या म्हणाल्या. रवळूनं काढून दिले. त्यांनी विम्याची तारीख बघितली. "चालू आहे. नशीब."

मग त्या दाजींशी बोलल्या. "अपघात तीन जूनचा. सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा, म्हणजे तीन डिसेंबर. तोवर थांबू नका. मशीनला मोटर बसवा, पाय परवानगी देईल तसं काम सुरू करा. जे नुकसान झालं तेवढंच मागू. डोळे मिटले होते तर मिटले होते म्हणून सांगा, गाडी मागं घेताना बघायचं काम चालवणाऱ्याचं असतं."

"आनि ह्याच्याशी बोललं तर चालतंय?" दाजींनी रवळूकडे हात करून विचारलं.

"बोला की. पैसे विमा कंपनीनं द्यायचे आहेत. तुम्ही भांडलंच पाहिजे असं कायद्यात कुठं नाही."

"किती मिळतील?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही."

एकंदर बारा मिनिटं. चहा नाही, पाणी. कपाट नाही, सगळं म्हणे लॅपटॉपमध्ये. राग नाही. ताटकळणं शून्य. अनुभवाला चार आणि आवाजाला दहा धरून एकूण चौदा गुण. येळ्ळूरच्या वाटेवर मी समितीला समजावून सांगितलं, की चार तासांचं काम या बाईंनी बारा मिनिटांत केलं, याचा अर्थ उरलेलं त्यांना येत नाही. आणि किती मिळतील हे जिला सांगता येत नाही, ती मिळवणार कशी? दुर्गाबाई काही बोलली नाही. बैठकीत गप्प बसलेल्या सदस्याचं मत अध्यक्षांच्या मतात धरायचं असतं. मी धरलं.

तिसरे निपाणीचे ॲडव्होकेट महादेव मगदूम. पायाच्या दाव्यांत त्यांच्याइतका मोठा माणूस दोन जिल्ह्यांत नाही, असं मला बसस्टँडवर तिघांनी सांगितलं होतं (त्यातले दोघे लंगडत होते). लग्नाचा जूनमधला शेवटचा मुहूर्त होता. हायवेला संकेश्वरच्या अलीकडे एका वरातीनं आमचा टेम्पो आपलाच समजून मध्ये घेतला आणि बँडसकट दोन फर्लांग चालवत नेला. दाजींनी कुणाला नाराज केलं नाही. हात जोडून बसून राहिले. दुर्गाबाईच्या ओटीत कुणीतरी नारळ घातला.

वकिलांना जाहिरात करायला कायद्यानं मनाई आहे. मगदूमांनी कायदा काटेकोर पाळला होता. पाटीवर फक्त एका पायाचं चित्र होतं. माणूसभर उंचीचा, गुडघ्यापासून खालचा पाय, प्लास्टरमध्ये.

बाहेरच्या खोलीत सत्तावीस पक्षकार होते. सगळे लंगडे, त्यातले चार बसल्या जागी लंगडत होते. चहा आला तेव्हा मात्र सगळे चटकन उठून गेले, आणि आमच्या दाजींपर्यंत चहा पोचलाच नाही. त्यांना खरंच उठता येत नव्हतं.

मगदूमांचा आवाज खणखणीत. त्यांनी दाजींना कुबड्यांवर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि मान हलवली.

"हे खरं वाटत न्हाय."

"खरंच मोडलाय जी," दाजी म्हणाले.

"मोडला असंल. पन कोर्टाला दिसाय नको? माझ्याकडं बगा." आणि पासष्ट वर्षांचा तो धडधाकट माणूस असा लंगडला, की दुर्गाबाई धरायला पुढे धावली. मग दीड तास दाजींकडून सराव करून घेण्यात आला. शेवटी दाजींची कंबरही धरली. मगदूमांनी तीही दाव्यात घातली.

त्यांची दृष्टी विशाल होती. दाजींचा एक दावा घेऊन आम्ही गेलो होतो, त्यांनी आणखी तीन सुचवले. दुर्गाबाईला मानसिक धक्क्याचा. मला, बहिणीला धक्का बसल्याचा जो धक्का बसला, त्याचा. आणि रवळूला स्वतःच्या टेम्पोखाली माणूस सापडल्याचा.

"म्हंजे मी माझ्यावरच केस घालायची?" रवळूनं विचारलं.

"घालायचीच. तू लई भ्यालास का न्हाय?"

"भ्यालो की."

"मग?"

या युक्तिवादात मला तरी खोट दिसली नाही. अट एकच होती. अर्जदार आणि जाबदार यांचं वैर दिसलं पाहिजे. "कोर्टात एकमेकाकडं बगून हसलासा, की दोन लाख गेलं," मगदूम म्हणाले. "आजपास्नं बोलायचं बंद. सवय लावून घ्या." एवढं बोलून ते आम्हा सगळ्यांवर कारण नसताना रागावले. सत्त्याण्णव गुण. तीन कमी केले ते चहाचे.

परतताना वैर अमलात आलं. कुबडी पडली तर कळावं म्हणून रवळूनं केबिनची मागची खिडकी उघडी ठेवली होती. तिच्यापाशी मी बसलो होतो.

"अण्णा, त्यास्नी सांगा, म्होरं खड्डा हाय," रवळू म्हणाला.

"दाजी, पुढे खड्डा आहे."

"त्याला सांगा, कळलं."

खड्डा आला आणि गेला.

"त्यास्नी इचारा, लागलं का."

"त्याला सांगा, न्हाय लागलं. आनि म्हनावं, सकाळपास्नं काय खाल्लं न्हायस. कुठंतरी थांब."

असं यमकनमर्डीपर्यंत. तिथं रवळूनं गाडी थांबवली, काही न बोलता भजी आणली, दाजींच्या हातात दिली, दोरी घट्ट केली, पायाखालची उशी सारखी केली आणि काही न बोलता परत जाऊन बसला. दाजी ताटलीतली अर्धी भजी बाजूला काढून माझ्याकडे देत म्हणाले, "त्याला द्या. माझं नाव सांगू नगासा."

वैर पुढे बरेच महिने टिकलं. रवळू येई, दाराच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसे. दुर्गाबाई पाठ करून चहा देई. दाजी भिंतीकडे तोंड करून त्याच्या तब्येतीची चौकशी करत. कधीकधी रवळूची पाठ हलताना दिसे. त्याला पश्चात्तापानं हुंदके येत असावेत, अशी मी नोंद केली.

सत्त्याण्णव गुणांवर कुणीही थांबला असता. मी थांबलो नाही. शंभर गुणांचा वकील कुठंतरी असेल आणि आपण घाईनं सत्त्याण्णवला देऊन टाकू, ही भीती जबाबदार माणसाला असतेच. जुलै ते नोव्हेंबर मी आणखी आठ वकील तपासले. एकाचं कपाट बावीस फूट होतं, पण आत नातवाची खेळणी निघाली. एकजण इतका व्यग्र होता की तीन फेऱ्यांत भेटलाच नाही. त्याला न भेटता नव्वद दिले. लोंढ्याच्या एका वकिलानं मात्र आम्हालाच वकील समजून आपली हकीकत सांगितली. त्याचा जमिनीचा वाद होता. मी त्याला मगदूमांचा पत्ता दिला.

ऑगस्टनंतर दाजी आमच्याबरोबर येईनासे झाले. ड्रेसिंग असायचं. मी आणि रवळू दोघंच जात असू. मी सकाळी नवाला तयार होऊन फाईल काखेत घेऊन उभा राही, टेम्पो दाराशी येई, आणि रवळू म्हणे, "बसा अण्णा, आज कुनाला बगायचं?" एकंदर एक्केचाळीस फेऱ्या झाल्या. त्यानं एकदाही कुरकुर केली नाही.

अंतिम बैठक पंधरा डिसेंबरला येळ्ळूरला दाजींच्या सोप्यात घेतली. सहा महिन्यांची मुदत मी समितीच्या स्थापनेपासून धरली होती. समितीच नसताना मुदत सुरू होणं मला तर्काला धरून वाटलं नव्हतं. चौदा पानी अहवाल वाचून मी ॲडव्होकेट मगदूमांची निवड जाहीर केली आणि सगळ्यांसमोर त्यांना फोन लावला.

"अपघात कवाचा म्हनालासा?" त्यांनी विचारलं.

"तीन जून."

पलीकडे महिने मोजल्याचं ऐकू आलं. मग मगदूम म्हणाले, "मुदत गेली की वो. बारा दिस झालं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला वाईट लक्षण वाटलं. फोन ठेवून दिला.

मी दाजींकडे बघायचं टाळलं. मला त्या जुन्या मशीनसमोर बसलेला माणूस दिसत होता. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर कुठल्याही कागदाची तारीख चुकली नव्हती, आणि चुकली ती घरच्या माणसाची.

दुर्गाबाई आत गेली आणि एक पातळ प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत दाव्याची प्रत होती. मोटार अपघात न्यायाधिकरण, अर्जदार नागोजी हुंदरे, जाबदार क्रमांक एक रवळू घाडी, दोन विमा कंपनी. वकील, निवेदिता गुंजीकर. दाखल तारीख नऊ जुलै. पोचेवर शिक्का. मी तपासला, शिक्का बरोबर होता.

"त्या बाईकडं आमी दुसऱ्याच आठवड्यात गेलतो," ती म्हणाली. "ह्यांची सही घेतली. तारखा पन झाल्या दोन."

"आणि ड्रेसिंग?"

"ड्रेसिंग आगष्टातच संपलं, अण्णा," दाजी हळूच म्हणाले. "ऑक्टोबरपास्नं दुकान सुरू केलंय. मोटर बशीवली. तासाला थांबावं लागतंय, पन चालतंय."

रवळू पायरीवर पाठ करून बसला होता. आता तो वळला. हुंदक्यांबद्दलची नोंद मला दुरुस्त करावी लागेल हे त्याचा चेहरा बघून कळलं.

"मला का सांगितलं नाहीस?" मी दुर्गाबाईला विचारलं.

ती अहवालाची पानं गोळा करून एकावर एक लावत होती. "रिटायर झाल्यापास्नं तू दाढी पन करीत न्हवतास. दोन वर्सं. वैनी सांगायची मला," ती म्हणाली. "हे सुरू झालं आनि रोज सकाळी अंगूळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहीर पडाय लागलास. रवळूच म्हनाला, चालू दे, डिझेल मी घालतो."

या खुलाशात कार्यपद्धतीचे किमान पाच भंग होते. ते मी मोजले, पण लिहिले नाहीत. दाजींनी रवळूला आत येऊन बसायला सांगितलं, स्वतःच्या तोंडानं.

पुढे मार्चमध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. विमा कंपनीच्या वकिलांनी आरतीचा मुद्दा काढला, तेव्हा दाजींनी डोळे मिटले होते असं सरळ सांगितलं. निवेदिताबाईंनी गाडी मागं घेणाऱ्यानं आरशात बघितलं होतं का एवढंच विचारलं, आणि जाबदार क्रमांक एक उभा राहून म्हणाला, "न्हाय बगितलं, चूक माझी हाय." तिथंच मिटलं. रक्कम किती ती दुर्गाबाई मला सांगत नाही. समिती नेमशील म्हणते. दाजींचा घोटा पूर्ण वळत नाही, पाटावर बसता येत नाही, थंडीत ठणकतो. गणवेशाची शिलाई मात्र जूनच्या आत पुरी होते.

आता तुम्ही. हे वाचताना बारा मिनिटांतच तुम्हाला कळलं असेल, की वकील कुठला घ्यायचा. माझं काय चुकतंय तेही कळलं असेल. वाचणाऱ्याला कळतंच, कारण त्याचा घोटा शाबूत असतो. म्हणून एकच चौकशी करतो. हे सगळं पार पडलं ते रवळूच्या टेम्पोचा विमा चालू होता म्हणून. तुम्ही आज ज्या गाडीवरून घरी आलात, तिचा विमा कुठल्या तारखेला संपतो? सांगा. मोबाईल न बघता, कपाट न उघडता, आणि घरात कुणालाही हाक न मारता.